पेवाचं झाकण

१

कुणी म्हणजे कुणी रंगुबाईचं खरं मानलं नाही. प्राचीताईंनी नाही, तांब्याचं काम करणाऱ्या अवधूतने नाही, आणि नवऱ्याने, मानसिंगने, तर नाहीच नाही. बाई चौथी शिकलेली, तोंडाने फटकळ, पन्नाशी उलटलेली. अशा बाईने "मी न्हाई केलं" म्हटलं की ऐकणारा आधी तिच्या हातांकडे बघतो. आणि रंगुबाईचे हात तर दिवसभर कोपरापर्यंत मातीत.

मलकापूरला हायवेच्या पलीकडे एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे पाइपांचं गोदाम होतं. सांगलीच्या प्राचीताईंनी ती घेतली आणि तिथे आपला स्टुडिओ थाटला. एका अंगाला माती भिजवायच्या टाक्या, मधे चाक आणि फळ्या, टोकाला गॅसची भट्टी, दाराजवळ अवधूतचं टेबल. प्राचीताईंची भांडी मातीची, पण त्यांच्या गळ्याला तांब्याची पट्टी असते, अंगावर पितळेच्या तारा असतात. पुण्या-मुंबईची माणसं ती घरात नुसती मांडून ठेवायला नेतात. "ज्यात पाणी न्हाई, लोणचं न्हाई, त्याला भांडं कशाला म्हणायचं?" असं रंगुबाई सात वर्षं विचारत होती आणि प्राचीताई सात वर्षं हसत होत्या.

रंगुबाईचं काम मातीचं. सकाळी नऊला कुलूप काढायचं, भिजलेली माती चाळायची, मळायची. मातीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर भांडं भट्टीत फुटतं, म्हणून मळणं तिच्याकडेच. तिच्या हातची माती कधी फुटली नाही.

यंदा फेब्रुवारीत हरिपूरहून टेम्पो भरून माती आली. हरिपूर सांगलीच्या अंगाला. तिथे हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीच्या पोटात. वर तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मात्र खोलीएवढं. हळद भरली की तोंडावर दगड, दगडावर चिखलाचा लेप. प्राचीताईंचे आजोबा, जवाहर आण्णा, हळदीचे व्यापारी. त्यांचं एक पेव महापुराच्या सालापासून गाळाने भरून पडलं होतं. जागा मोकळी करायला जेसीबी लागला तेव्हा प्राचीताईंच्या डोक्यात आलं, त्याच पेवाची माती आणायची आणि त्या मातीचं पेवाच्याच घाटाचं मोठं भांडं करायचं. अरुंद तोंड, ऐसपैस पोट.

"रंगुमावशी, तुम्ही हरिपूरच्याच ना?" प्राचीताईंनी विचारलं.

"हरिपूरची म्हंजे? ह्याच पेवावर माझा बाप हुता. तीस वर्सं. आण्णांचं एक बी पेव त्याच्याबिगर उघडलं न्हाई का बंद झालं न्हाई."

भाऊसो त्याचं नाव. पेव उघडलं की त्यात विषारी हवा असते, म्हणून तो आधी कंदील सोडायचा, कंदील विझला नाही तरच उतरायचा. आणि बंद करायच्या आधी तोंडाशी पालथा पडून आत तीनदा हाक मारायचा, "आत कोण हाय का?" मग कान लावून आपलेच दहा श्वास मोजायचे, मगच दगड. ही त्याची स्वतःची रीत. "माझ्या हातनं एक बी माणूस आत राहिला न्हाई," असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. म्हातारपणी तर घरातल्या पाण्याच्या रांजणावर झाकण ठेवतानाही वाकून विचारायचा, "आत कोण हाय का?" पोरं हसायची. रंगुबाई हसायची नाही. किती जपणारा बाप आपला, असंच तिला वाटायचं.

२

पहिला रांजण कमरेएवढा झाला. प्राचीताईंनी मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचत तो वर नेला, आतून-बाहेरून गुळगुळीत केला, आणि शेवटी गळा एवढा आवळला की त्यातून तीन बोटं कशीबशी जातील. वर ओलं फडकं टाकून सगळे घरी गेले.

सकाळी रंगुबाईने फडकं काढलं. रांजणाच्या पोटावर बाहेरच्या बाजूने चार उंचवटे आले होते. चारांच्या खाली, जरा तिरका, पाचवा.

तिने आपला पंजा त्यावर धरून बघितला. कुणीतरी आतून हात टेकून दाबलं असतं तर माती बाहेर अशीच फुगली असती.

प्राचीताई आल्या, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, ओला असताना हात का लावलात?"

"मी न्हाई लावला."

"मग मी लावला का?"

"आतनं हाय ते, ताई. बाहेरनं दाबलं असतं तर खड्डा पडला असता. आतनं दाबलंय. आणि ह्या गळ्यातनं माझा हात जातोय व्हय?"

प्राचीताईंनी सुस्कारा सोडला. मग त्या शिकवायच्या आवाजात बोलल्या, की गळा आवळायच्या आधी तुमचा हात आत गेला असेल, तेव्हा मी वरून सारखं केलं, पण मातीला आठवण असते, एकदा दाबलेलं ती वाळताना परत दाखवते. रंगुबाईलाही हे ठाऊक होतं. वाकडी झालेली बशी सरळ करून ठेवली तरी भट्टीतून वाकडीच निघते. तरीही ती म्हणाली, "आठवण असंल. पण माझी न्हाई ती."

अवधूत टेबलावरून ओरडला, "रंगुमावशी, आता वय झालं. काल काय केलं ते आज ध्यानात ऱ्हात न्हाई."

"तुज्या लग्नात तू दोनदा जेवला हुतास ते बी माझ्या ध्यानात हाय. गप काम कर."

रांजण मोडला. माती परत टाकीत गेली.

३

ती माती परत चाळताना आणि मळताना रंगुबाईला दोन गोष्टी सापडल्या.

एक म्हणजे पांढरे तुकडे. पहिल्या चाळणीतही ते निघाले होते, बोटाच्या पेराएवढे, काही त्याहून मोठे. प्राचीताई म्हणाल्या होत्या, "चुनखडी आहे. एक खडा राहिला तरी भांड्याचा टवका उडेल. नीट काढा." रंगुबाईने नीट काढले, आणि मागच्या नळापाशी ढीग घातला. चुनखडी भिजली की बोटांत चुरते, हे तिला माहीत होतं. हे तुकडे चुरत नव्हते. पण हातात काम असताना माणूस किती विचार करणार?

दुसरी गोष्ट तिच्या तळहातात रुतली. ती मळता मळता मोजत होती, अकरा, बारा, तेरा. मोजायची सवय बापाची. शेवटच्या आजारात भाऊसो अंथरुणात पडल्या पडल्या श्वास मोजायचा. तेवीस झाले की "दगड बसतोय" एवढं म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मग पुन्हा एकपासून. कामाचा माणूस, तापात पेवावर जाऊन आला असेल, असं सगळे म्हणायचे.

पंधराव्या दाबाला हाताला टोचलं. माती उकलली तर आत एक काळपट कडी. तिने पदराने पुसली. पायाच्या बोटातलं जोडवं होतं, वेढ्यांचं, झिजलेलं. एकच.

"कित्ती सुंदर!" प्राचीताईंनी ते उन्हात धरलं. "अवधूत, ह्या रांजणाच्या झाकणाला हीच मूठ लावायची. त्याच पेवातली माती, त्याच पेवातला धातू."

"ताई, ते जोडवं हाय," रंगुबाई म्हणाली.

"हो, मावशी. म्हणूनच तर."

"सवाशीण बाई जोडवं पायातनं काढत न्हाई. पडलं तर गाव पालथं घालती. हे हितं कसं आलं?"

"पुरात काय काय वाहून येतं."

हेही बरोबर होतं. प्राचीताईंचं सगळं नेहमी बरोबरच असायचं. रंगुबाई परत मळायला बसली, पण तो गोळा तिला जड लागला. मळलेली माती हाताखाली सैल पडते. ही पडेना. उलट दाब देत होती.

४

दुसरा रांजण गळा आवळून तयार झाला त्या संध्याकाळी रंगुबाईने सगळ्यांदेखत हात धुतले.

"बघा दोघं बी. रांजण गुळगुळीत हाय का?"

"आहे, मावशी," प्राचीताई म्हणाल्या.

"अवधूत, तू बी हात फिरव. फिरव की! आता ही किल्ली ताईंच्या पर्समध्ये. दुसरी किल्ली बी घ्या. उद्या मी सगळ्यात शेवटी येनार."

घरी मानसिंगने ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "कशाला डोक्यात घेतीस? दोन बोटं उठली मातीवर. तुज्या हातनं झालं असंल. हो म्हण आणि सोड."

"झालं असतं तर हो म्हटलं असतं. न्हाई झालं तर हो कसं म्हणू?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी केलं न्हाई ते माझ्या नावावर ऱ्हानार न्हाई."

सकाळी दहाला ती पोचली तेव्हा दोघं रांजणासमोर उभी होती. या खेपेला एक पंजा नव्हता. बुडापासून सुरुवात झाली होती आणि गोल गोल फिरत, एकापुढे एक, पंजे वर वर गेले होते, गळ्यापर्यंत. अंधारात भिंत चाचपत माणूस दार शोधतो, तसे. पंज्यांच्या खाली मनगटाच्या जागी बारीक कमानी उठल्या होत्या, दोन-दोन, तीन-तीन. बांगड्या भरलेला हात ओल्या भिंतीवर टेकला की उठतात तशा.

रंगुबाईने आपले हात पुढे केले. कामाला अडचण नको म्हणून ती सात वर्षं बांगड्या काढून ठेवत आली होती.

अवधूतने थट्टा केली नाही. पण प्राचीताईंचे डोळे चमकत होते.

"मावशी, हे तुम्ही कधी केलंत ते मला विचारायचं नाही. पण काय केलंय! हे असंच ठेवायचं. असंच भाजायचं."

"ताई, किल्ल्या तुमच्याकडं हुत्या."

"मागची खिडकी लागत नाही हे तुम्हालाच माहितीये," प्राचीताई प्रेमाने म्हणाल्या.

चोरीचा आळ परवडला असता. हे कौतुक रंगुबाईला फार झोंबलं.

५

रांजण भाजला. भट्टी पेटली तेव्हा रंगुबाई समोर स्टुलावर बसून राहिली. आच वाढत गेली, छिद्रातून आतला नारिंगी उजेड दिसत होता. ज्वाळेचा घुमणारा आवाज एकसारखा असतो. त्या आवाजाखाली तिला दुसरं काही ऐकू आलं नाही. ते ऐकू येत नाही म्हणून ती जास्त घाबरली.

दोन दिवसांनी रांजण बाहेर आला. अंगावर काळा-हिरवा चकाकता थर, पंजे तसेच. बुडाला प्राचीताईंनी रुपयाएवढं भोक ठेवलं होतं, भट्टीत आतली हवा कोंडू नये म्हणून. रांजण लोखंडी तिवईवर ठेवला की वरच्या तोंडातून आत बघितल्यावर तळाशी उजेडाचा एक रुपया दिसायचा. अवधूतने गळ्याला तांब्याची पट्टी बसवली, पट्टीची कड आत वळवली, आणि तांब्याचं झाकण घडवलं. झाकणाला मूठ म्हणून ते जोडवं.

नवीन भाजलेली भांडी दोन-चार दिवस वाजतात. वरचा थर तडकतो, टिंग, टिंग, बारीक काच फुटल्यासारखं. स्टुडिओतल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

पट्टी बसवली त्या दुपारी प्राचीताई कऱ्हाडला गेल्या होत्या, अवधूत जेवायला. धूळ जाऊ नये म्हणून रंगुबाई रांजणाच्या तोंडावर फळी ठेवायला गेली. फळी हातात घेतली आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "आत कोण हाय का?" तीनदा. बापाची सवय. तिचं तिलाच हसू आलं. दहा श्वास झाले, फळी ठेवली, नळावर हात धुवायला गेली.

टक. टक. टक.

टिंग नव्हे. आतून बोटाच्या सांध्याने ठोकावं तसं जाड.

तिने नळ बंद केला. शेडमध्ये हायवेवरच्या गाड्यांचा आवाज, पत्रा तापल्याचा आवाज. तिने स्वतःला बजावलं, रंगे, तांबं आणि माती वेगवेगळी आकसतात. वाजायचंच. मग रांजणाकडे गेली, फळी काढली आणि मोबाइलची बॅटरी आत मारली. आत काही नव्हतं. पण तांब्याची आत वळवलेली कड चार जागी लख्ख घासली गेली होती. सकाळी ती कड पट्टीच्या रंगाचीच होती.

हे तिने संध्याकाळी दोघांना दाखवलं. "फळी घासली असेल," प्राचीताई म्हणाल्या.

"फळी वरनं बसती. हे आतनं हाय."

"मावशी, सगळं तुमचं आतनंच कसं असतं?" अवधूत म्हणाला, आणि मग त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

६

रंगुबाईने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सांगलीची एसटी धरली. विश्रामबागला प्राचीताईंच्या माहेरच्या घरी जवाहर आण्णा व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. शहाऐंशी वर्षांचे. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून त्यांचं ताट नुकतंच उचललं होतं.

"कोण गं तू?"

"भाऊसोची रंगू."

"भाऊसोची! बस, बस. चहा टाकायला सांगतो."

"चहा नको. एक विचारायचंय. पुराच्या साली तुमच्या पेवात कोण राहिलं?"

म्हाताऱ्याचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला. तो दचकला नाही, ते रंगुबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

"ते पेव उन्हाळ्यात रिकामं केलं होतं," आण्णा म्हणाले. "हळद वर निघाली की एक बाई उतरून तळ झाडायची. खालची बारकी हळद तिची, अशी रीत. कवठे महांकाळकडची होती. तिकडं पाणी नाही, म्हणून इकडं कामाला आलेली. मधु म्हणायचे तिला."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी आली नाही. गावाकडं गेली असेल म्हणालो."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणालो. दोन महिन्यांनी पूर आला. पूर आल्यावर कोण कुणाची विचारपूस करतो?"

"नवरा न्हाई आला हुडकायला?"

"आला होता एकदा. गेली म्हणून सांगितलं."

रंगुबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "मुंगी मरू नये म्हणून दिवसा जेवता आण्णा, आणि बाई गेली तर गेली?"

आण्णांनी मान खाली घातली. मग डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. त्या किवेचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

"बाळ," ते म्हणाले, "माझ्या पेवाचं झाकण मी माझ्या हातानं कधी लावलंय का?"

"माझा बाप तीनदा हाक मारायचा," रंगुबाई म्हणाली. "त्याच्या हातनं ऱ्हाणं शक्य न्हाई. त्यो घरी गेल्यावर तुमीच कुणाला तरी परत उतरवलं असंल."

परतीच्या एसटीत तिने मनाशी पक्कं केलं, दोष या म्हाताऱ्याचा. नाव घेऊन सांगायचं, सगळ्यांसमोर.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. मागच्या नळापाशी बसून ढिगातले पांढरे तुकडे एकेक करून वेचले, धुतले, आणि ओटी भरायला ठेवलेल्या नव्या खणात बांधले.

७

झाकण कायमचं बसवायचं होतं शुक्रवारी. रांजण प्रदर्शनाला जाणार होता, बंद तोंडाचा. उघडता न येणारं पेव, हीच त्यातली कल्पना, प्राचीताई म्हणाल्या. झाकण एकदा चिकटलं की रांजण फोडल्याशिवाय निघणार नव्हतं.

दुपारचे बारा. वीज गेलेली, पंखे बंद. अवधूतने चिकटवायचा मसाला कालवून ठेवला आणि झाकण उचललं. रंगुबाई मधे येऊन उभी राहिली. हातात खणाची पुरचुंडी. ती तिने तिवईपाशी ठेवली.

"हाक मारल्याबिगर झाकण लागनार न्हाई."

"मावशी, पुरे आता," प्राचीताईंचा आवाज प्रथमच चढला. "आज अडवलंत तर उद्यापासून येऊ नका."

"न्हाई येत. पण आज हितंच हाय. आधी मला सरकवा, मग झाकण लावा."

कुणी हललं नाही. शेवटी अवधूत म्हणाला, "मारू द्या की ताई एक हाक. हाक मारायला काय गॅस जळतोय?"

"मारा," प्राचीताई म्हणाल्या. "आणि मग मला माझं काम करू द्या."

रंगुबाईने गळ्याशी तोंड नेलं. तळाशी उजेडाचा रुपया दिसत होता.

"आत कोण हाय का? आत कोण हाय का? आत कोण हाय का?"

मग तिने मोठ्याने आपले श्वास मोजायला घेतले. एक. दोन. तीन. हायवेवर एक ट्रक गेला. सहा. सात. अवधूत एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. नऊ. दहा.

काही नाही.

"झालं?" अवधूतने झाकण पुढे केलं. आणि रंगुबाईचा हातच आपसूक झाकणाकडे गेला. दहा झाले होते. दहा झाले की बाप उठायचा, पहार घ्यायचा, दगड सरकवायला लागायचा. घरातल्या रांजणावरही दहानंतर झाकण पडायचं. तिचा हात जोडव्याला लागला. जोडवं गार होतं, इतक्या उन्हाळ्यात.

तिने हात मागे घेतला.

"अकरा," ती म्हणाली.

"मावशी..."

"बारा. तेरा."

प्राचीताई जवळ आल्या, तिचा दंड धरायला. आणि धरता धरता त्यांचीही नजर आत गेली. चौदा. पंधरा. सोळा. सतरा.

अठराव्याला तळाचा रुपया विझला.

बुडाच्या भोकाखाली काहीच नव्हतं, तिवई मोकळी होती. भोकावर आतून काहीतरी आलं होतं. एकोणीस, वीस एवढा वेळ ते तिथे राहिलं. मग उजेड कडेने थोडा थोडा परत दिसायला लागला, कुणी अवघडून बसल्या जागी सरकावं तसा. गळ्यातून वर हवा आली. तिला हळदीचा वास होता. भट्टीतून निघालेल्या मातीला कसलाच वास नसतो.

एकवीस. बावीस.

"तेवीस," रंगुबाई म्हणाली.

टक. टक. टक.

अवधूतने झाकण हलकेच टेबलावर ठेवलं, जणू आवाज झाला तर कुणी जागं होईल. प्राचीताईंचं तोंड उघडलं. "वरचा थर..." त्या म्हणाल्या.

रंगुबाई मात्र त्यांचं ऐकत नव्हती. ती अंथरुणात पडलेल्या म्हाताऱ्या बापाचं ऐकत होती. तेवीस. दगड बसतोय. दगड सरकवायला दहा-बारा श्वास लागतात. हाक मारून झाली होती, दहा मोजून झाले होते, रीत पुरी झाली होती. दगड बसला होता, लेपाचा चिखल हातात होता, आणि तेवढ्यात खालून ओ आली. विषारी हवेत पडलेल्या बाईला शुद्धीवर यायला, वर बघायला, भिंत चाचपत हात वर न्यायला वेळ लागतो. बाप थांबला असणार. कान दिला असणार. मग स्वतःला म्हणाला असणार, दगड बसतोय. बसताना वाजतोच. आणि लेप दिला. त्यानंतर जन्मभर तो घरातल्या प्रत्येक रांजणाला वाकून विचारत राहिला.

"मावशी," प्राचीताईंचा आवाज पोरीसारखा झाला होता. "माझं चुकलं. तुम्ही काहीच केलं नव्हतं. पण... हिला बंद कुणी केलं?"

शेवटी रंगुबाईवर विश्वास बसला होता. आता ती जे नाव घेईल ते सगळे मानणार होते. जवाहर आण्णांचं नाव सांगलीहून आल्यापासून तिच्या जिभेवर तयार होतं. म्हाताऱ्याने मधुच्या नवऱ्याला खोटं सांगून परत पाठवलं होतं, त्याचा वाटा होताच. ते नाव घेतलं तर बाप तसाच राहिला असता, छाती काढून सांगणारा, जपणारा.

तिने प्राचीताईंकडे बघितलंच नाही. ती रांजणाच्या तोंडाशी वाकली. आतून आलेली हवा तिच्या ओठांना लागली.

"मधु," ती म्हणाली, "त्यानं हाक मारली हुती तुला. तू ओ दिलीस ती बी त्यानं ऐकली हुती. ऐकून झाकण लावलं. नाव सांगते, नीट ऐक. माझाच बाप त्यो. भाऊसो."